बुडत्याला काडीचा आधार (प्रमाण १:८७)

रेल्वेगाडीने पाण्यात शिरू नये, एवढी साधी अपेक्षा आपण तिच्याकडून बाळगतो. मिशिगन सरोवराच्या काठच्या अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी ती सुमारे शंभर वर्षं धाब्यावर बसवली. सरोवराला खालून वळसा घालायचा तर वाटेत शिकागो, आणि शिकागोच्या यार्डात मालगाडी एकदा शिरली की तिचं दर्शन दुर्लभ. तेव्हा कंपन्यांनी डबेच उचलून बोटीत भरले, साठेक मैलांचं पाणी ओलांडलं आणि पलीकडच्या रुळांवर सोडून दिले. ॲन आर्बर रेल्वेने १८९२ साली हा उद्योग सुरू केला, आणि लुडिंग्टनची 'बॅजर' ही बोट अगदी १९९० पर्यंत डबे वाहत होती. (ती अजूनही चालते, तीही कोळशावर. आता तिच्या पोटात मोटारी जातात आणि वर पर्यटक.) अशा बोटीच्या पोटात चार रूळ असतात. ती धक्क्याला पाठमोरी लागते आणि इंजिन डबे ढकलत तिच्यात घालतं. आपल्या कोलाडला १९९९ पासून ट्रक रेल्वेवर चढतात, तिथे रेल्वे बोटीवर चढत होती. वाहनांनाही दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जायची हौस असते, एवढंच यातून सिद्ध होतं.

माझ्या दादाकडे अशी एक बोट आहे. ती त्याच्या बेसमेंटमध्ये, धुण्याच्या मशीनच्या वाटेवर उभी असते.

दादा मिलवॉकीत राहतो. हे शहर बिअरसाठी प्रसिद्ध आहे, पण छोट्या रेल्वेचंही ते माहेरघर आहे. १९३२ साली इथे वॉल्थर्स ही छोट्या गाड्यांची कंपनी निघाली, १९३४ साली 'मॉडेल रेलरोडर' मासिक निघालं, आणि १९३५ साली या छंदाच्या मंडळींची राष्ट्रीय संघटनाही इथेच स्थापन झाली. बिअरच्या शहराला हे वेड का लागावं, याचा उलगडा १९३२ साली अमेरिकेत दारूबंदी होती हे ध्यानात घेतलं की होतो. दादा पोटापाण्यासाठी इथे आला तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं तो म्हणतो. वहिनीचा यावर विश्वास नाही. भारतात आला की पुण्यात उतरल्या उतरल्या तो सासूबाईंच्या आधी कर्वे रस्त्यावरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला भेटतो, हा तिचा पुरावा.

या छंदातलं लाडकं प्रमाण १:८७. खऱ्या जगातला एक फूट तिथे साडेतीन मिलिमीटर होतो. 'बॅजर' सुमारे ४१० फूट लांब. या प्रमाणात ती १४३५ मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या अमेरिकन रुळांमधलं जे अंतर आहे बरोबर तेवढी. हा योगायोग दादा प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि पाहुणा उडेल म्हणून वाट बघतो. पाहुणे सहसा उडत नाहीत.

पण १४३५ मिलिमीटर बोट मांडायला भिंत पुरेना, म्हणून दादाने ती साडेतीन फुटांवर आणली. या शास्त्रात अशी कापाकापी मान्य आहे. खरी अडचण सरोवराची. साठ मैलांचं पाणी याच प्रमाणात मांडायचं तर अकराशे मीटर लांबीचं बेसमेंट लागेल. सरोवराची सर्वाधिक खोली २८१ मीटर, त्यासाठी बेसमेंटच्याही खाली साडेदहा फूट खणावं लागेल. यातलं काहीच बँकेच्या कर्जात बसणारं नव्हतं. त्यामुळे दादाचं मिशिगन सरोवर चार फूट लांब आहे आणि त्याची खोली शून्य आहे. प्लायवूडवर हिरवट-निळा रंग, त्यावर चकाकणाऱ्या जेलचे थर, आणि थर ओला असताना ब्रशने थोपटून उठवलेल्या लाटा. बोटीने या काठाला पाठ लावली की तिचं नाक पलीकडच्या भिंतीपासून, म्हणजे रंगवलेल्या आभाळापासून, अर्ध्या फुटावर येतं.

या सरोवरात बुडण्याची सोय नाही, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. पुढचं सगळं त्या पार्श्वभूमीवर घडलं.

दर पंधरवड्याला दादाकडे त्याच्यासारखीच मंडळी जमतात. एकजण यार्डमास्तर होतो, एकजण कंट्रोलर, बाकीचे गाड्या चालवतात. भिंतीवरचं घड्याळ सहापट वेगाने पळतं, कारण खऱ्या वेळेत गाड्या चालवल्या तर मंडळींना घरी जायला पहाट होईल. खरी फेरी चार तासांची, ती या घड्याळामुळे चाळीस मिनिटांत उरकते. त्या चाळीस मिनिटांत बोट जागची हलत नाही. तळाकडून ती प्लायवूडला स्क्रूने आवळलेली आहे. तरीही ती 'सरोवराच्या मध्यावर' असल्यामुळे त्या वेळात तिच्यातल्या डब्यांना हात लावायला सक्त मनाई असते. मग मंडळी कॉफी पितात, आणि कपडे वाळवायला टाकण्यासाठी खाली आलेली वहिनी मिशिगन सरोवराच्या मध्यावर वाकून पलीकडे जाते. चाळीस मिनिटं झाली की वरून एक प्रचंड हात येतो, डबे उचलून घेतो आणि दुसरे ठेवतो. इंजिनांना त्यांच्या चाकांच्या संख्येवरून ओळखायची इथे पद्धत आहे. या हाताला सगळे 'शून्य-पाच-शून्य' म्हणतात.

तर अशाच एका संध्याकाळी, बोट मध्यावर असताना, एक निवृत्त गृहस्थ कॉफीचा कप घेऊन तिच्याजवळ गेले. या छंदात रिव्हेट मोजणारी एक जमात असते, तिचे हे मानकरी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि सौम्यपणे विचारलं, ''लाइफबोटी कुठे आहेत?''

कोणी काही बोललं नाही. सहापट वेगाचं घड्याळ तेवढं पळत होतं.

दादाची ही रेल्वे काल्पनिक आहे, हे इथे सांगायला हवं. तिचं नाव, तिचा नकाशा, तिचे भागधारक, सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं. बोटही काल्पनिक. मी त्याला म्हटलं, ''अरे, कंपनी तुझी, बोट तुझी. तूच ठरव ना की हिला लाइफबोटी लागत नाहीत.''

''असं कसं? कोस्ट गार्ड खरा आहे.''

यापुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. कॅलिफोर्नियात जॉन ॲलन नावाचे या छंदातले फार मोठे कलावंत होऊन गेले. त्यांच्या रेल्वेवर डबे हलवायला इंजिनाऐवजी एम्मा नावाची एक डायनासोर होती. त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही, उलट ती अजून आठवणीने सांगितली जाते. मी हा दाखला दिला. दादा म्हणाला, डायनासोरबद्दल कोस्ट गार्डचे काहीही नियम नाहीत.

मग प्रश्न आला, किती लाइफबोटी?

''माणसं किती आहेत त्यावर,'' मी म्हटलं.

''पूर्ण लांबीच्या बोटीवर किती असती ते काढता येईल. पण मी बोटीचा चौथा हिस्सा कापलाय.''

''मग तेवढे प्रवासीही गेले ना?''

''गेले.''

''कुठे?''

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की ते लोक बहुधा मीच ढकलले असावेत.

पेच खरा होता. बोट कापली तरी माणूस कापता येत नाही. दादाच्या प्रवाशाची उंची वीस मिलिमीटर, ती तशीच राहणार. म्हणून त्याला घेऊन जाणारी चोवीस फुटी होडीही चौऱ्याऐंशी मिलिमीटरचीच हवी. आखूड बोटीवर पूर्ण मापाच्या होड्या बसवल्या की बोट मिरवणुकीला निघाल्यासारखी दिसते. होड्या लहान केल्या तर त्यांत माणसं मावत नाहीत. बोटीपुढचं पाणी अर्धा फूट. म्हणजे लाइफबोट उतरवली, तिने दोन वेळा वल्हं मारलं की ती रंगवलेल्या आभाळावर आपटणार. तरीही प्रत्येक प्रवाशाला त्या होडीत जागा मिळाली पाहिजे, यावर दादा ठाम होता.

या बाबतीत दादा खऱ्या जगापेक्षा बराच पुढे आहे, हे मला त्याच्या पुस्तकांच्या कपाटाने शिकवलं. 'टायटॅनिक'वर वीस लाइफबोटी होत्या आणि त्यांत ११७८ माणसांची जागा होती. बोटीवर माणसं होती बावीसशेच्या आसपास. यात कायदा मोडला नव्हता. ब्रिटिश नियम १८९४ सालचे. होड्यांची संख्या जहाजाच्या टनांवर ठरायची आणि तक्ता दहा हजार टनांपाशी संपायचा. 'टायटॅनिक' ४६ हजार टनांची. तक्त्याप्रमाणे सोळा होड्या पुरेशा होत्या. कंपनीने चार जास्तीच्या ठेवल्या. माणसं मोजण्यापेक्षा टन मोजणं सोपं असतं. टन तक्रार करत नाहीत आणि तिकिटाचे पैसे परत मागत नाहीत.

त्यानंतर जगाला जाग आली आणि अमेरिकेत १९१५ च्या मार्च महिन्यात खलाशांच्या हिताचा नवा कायदा झाला. तो रेटणारे सेनेटर ला फॉलेट याच विस्कॉन्सिनचे. आता बोटींवर लाइफबोटी वाढवायच्या होत्या. शिकागोला 'ईस्टलँड' नावाची सहलीची बोट होती, वरून जड आणि चंचल म्हणून आधीपासूनच बदनाम. तिच्याही वरच्या मजल्यावर जास्तीच्या होड्या आणि तराफे चढवण्यात आले. त्याच जुलैत, २४ तारखेच्या सकाळी, कारखान्याच्या सहलीला निघालेली अडीच हजारांवर माणसं तिच्यात बसली, आणि धक्क्याला दोरांनी बांधलेली असतानाच ती शिकागो नदीत कुशीवर कलंडली. ८४४ माणसं गेली, किनाऱ्यापासून काही फुटांवर. एवढ्या होड्या असून त्यांचा उपयोग करायला वेळच मिळाला नाही. आपल्याकडे बुडालेल्या 'रामदास' बोटीचं नाव ऐकत वाढलेल्या कोणालाही यातलं फार समजावून सांगावं लागत नाही.

हे वाचून दादाने स्वयंपाकघरातला वजनकाटा खाली नेला.

बाजारात या मापाच्या तयार लाइफबोटी मिळतात. काही पांढऱ्या धातूच्या ओतीव, काही रेझिनच्या, अलीकडे थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्याही. धातूची होडी हातात घेतली की तिचा वजनदारपणा सुखावतो. दादाने ती काट्यावर ठेवली, आकडा वहीत लिहिला, मग रेझिनची ठेवली. ''धातूच्या बसवल्या तर बोट वरून जड होईल,'' तो म्हणाला.

''तिला खालून स्क्रू आहेत ना?'' वहिनी जिन्यावरून म्हणाली.

''म्हणून काय झालं? तत्त्व म्हणून काही आहे की नाही?''

रेझिनच्या आल्या. त्या नुसत्या पोकळ होत्या, आत काहीच नव्हतं. दादाने आडव्या बैठका घातल्या, प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या कापून. वल्ही केली टूथपिकच्या काड्या तासून. पिण्याच्या पाण्याचं पिंप केलं. बिस्किटांची पेटी केली. पेटीला कडी केली, आणि ती दिसावी म्हणून मला भिंग दिलं. मग होड्या टांगायचे वाकडे हात, डॅव्हिट म्हणतात ते; पितळेच्या पत्र्यावर कोरून आलेले, पापणीएवढे भाग, चिमट्यातून उडून गेले की गालिच्यात कायमचे वस्तीला जाणारे. बेसमेंटच्या त्या गालिच्यावर वहिनी आता व्हॅक्यूम फिरवू शकत नाही, कारण त्यात एका जहाजाची बचावसामग्री आहे.

दोरांचा भाग मात्र बघण्यासारखा होता. सुती दोरा घेतला तर त्याची लव दिसते, आणि १:८७ मध्ये लव म्हणजे दोराला मिश्या. वहिनीच्या शिवणाच्या डब्यातला राखाडी दोरा मेणावरून ओढून पाहिला, तरी मिश्या राहिल्याच. शेवटी दादाने जुनी युक्ती केली: किटच्या भागांना जोडणारी प्लास्टिकची कांडी मेणबत्तीवर मऊ करायची आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ताणायची. केसासारखा तंतू निघतो. हात जरा घाईने चालला की तुटतो, जरा रेंगाळला की पेट घेतो. पेटल्याचा वास जिन्यावरून वर येई आणि वहिनी फोडणीचा गॅस आधी तपासून मग हाक मारी.

सगळ्यात शेवटी ताडपत्री. खऱ्या लाइफबोटींवर झाकण असतं, पावसापाण्यापासून. दादाने टिशू पेपर पातळ केलेल्या गोंदात बुडवून प्रत्येक होडीवर ताणून बसवला आणि कडा दाबल्या. बैठका, वल्ही, पिंप, बिस्किटांची पेटी, तिची कडी, सगळं कायमचं झाकलं गेलं.

''आता ते कोणाला दिसणार?'' मी विचारलं.

''कोणालाच नाही.''

''मग केलंस कशाला?''

''आत काहीच नसतं तर मला माहीत असतं ना.''

मला एकदम आमचा सातारचा दिवाळीचा किल्ला आठवला. तो करायचा दादा, आणि माती आणायची मी. त्या किल्ल्याला प्रमाण नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. बुरूज वीतभर, त्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच. महाराज सिंहासनासकट महादरवाज्याएवढे, म्हणजे दरवाजातून आत जायची त्यांची सोय नाही. पायथ्याच्या गुहेतला वाघ शेजाऱ्यांकडून आणलेला, तो हत्तीच्या दुप्पट. हळीव पेरून उगवलेलं गवत मावळ्यांच्या कमरेपर्यंत, त्यामुळे गनिमी कावा आपोआपच. तळ्याला सायकलच्या दुकानातून आणलेला तुटका आरसा, आणि त्यात प्लास्टिकचं बदक, ज्याच्यावर अख्खी शिबंदी बसून गेली असती. त्या किल्ल्यावर कोणाला धोका नव्हता. आदिलशाहीने कधी हल्ला केला नाही, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे शेजारच्या मुलांनी सुतळी बॉम्ब लावला तेव्हा दादा रडला नाही, लगेच पडझडीची पाहणी करू लागला. तो मनुष्य आता बिस्किटांच्या पेटीला कडी लावतो. अमेरिकेने त्याला शिस्त लावली असं आई म्हणते. मला वाटतं नुसतं भिंग मिळालं.

खऱ्या बोटींची कुचंबणा मात्र याहून निराळी होती. त्यांच्यात डबे भरणं हाच मोठा कस. एका बाजूच्या रुळावर जड डबे आधी चढवले की बोट त्या बाजूला झुकते. म्हणून एकदा इकडे, एकदा तिकडे असं करत भरावं लागे. १९०९ साली ॲन आर्बर कंपनीची चार नंबरची बोट मॅनिस्टिकच्या धक्क्यालाच, खनिजाचे डबे चढवताना आडवी झाली. आणि १९२९ च्या ऑक्टोबरात या शहराच्याच नावाची 'मिलवॉकी' ही बोट वादळात इथूनच निघाली आणि परतली नाही; एकही माणूस वाचला नाही. मागच्या उघड्या बाजूला लाटा अडवायला जे दार होतं ते वाकलं आणि पाणी आत येत आहे, अशी पर्सरने लिहून ठेवलेली चिठ्ठी नंतर सापडली. दादाने आपल्या बोटीला ते दार लावलं आहे. ते बिजागरीवर खरंच वर-खाली होतं. डबे भरतानाही तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भरतो, आणि स्क्रूंचा विषय त्या वेळी काढायचा नसतो.

होड्या बसल्या. भिंतीकडच्या बाजूच्याही बसल्या, ज्या बघायला भिंतीत शिरावं लागेल. ते निवृत्त गृहस्थ आले. चष्मा कपाळावर गेला. बराच वेळ ते वाकून उभे होते. दादा शेजारी कॉफीचा कप धरून उभा होता; त्याची इंजिनीअरिंगची तोंडी परीक्षा मी पाहिलेली नाही, पण ती अशीच झाली असावी.

''छान,'' ते शेवटी म्हणाले. ''पण वल्हवणार कोण?''

डेकवर एकही माणूस नव्हता हे खरंच. दादाने माणसं मागवली. जर्मनीतल्या प्रायझर कंपनीची या मापाची माणसं प्रसिद्ध आहेत. ती रंगवलेली मिळतात, बिनरंगाचीही मिळतात, उभी, बसलेली, झोपलेली, हवी तशी. दादाला बसलेली हवी होती. पाकीट उघडून त्याने ती टेबलावर ओळीने मांडली. कोणी पेपर वाचत होतं, कोणी मांडीवर पिशवी धरून होतं. एका बाईने पायावर पाय टाकला होता. बुडत्या जहाजातून निघाल्याची खूण एकाच्याही चेहऱ्यावर नव्हती.

''हिला आधी बसवा,'' मी पिशवीवाल्या बाईकडे बोट दाखवलं. ''बायका आणि मुलं आधी.''

दादाने मान डोलावली आणि सगळ्यांना लाइफजॅकेट घालायला घेतलं, म्हणजे रंगवायला. तीन केसांचा ब्रश, नारिंगी रंगाची डबी. श्वास रोखून एकेकाच्या छातीवर ठिपका. वहिनी पानं घेतली म्हणून सांगायला खाली आली होती. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहिली, भिंग उचललं, आणि एरवी तिच्या आवाजात या बेसमेंटबद्दल जी धार असते ती अजिबात नसलेल्या आवाजात विचारलं,

''तुझी रेल्वे १९५५ सालची ना रे? तेव्हा जॅकेटं नारिंगीच होती कशावरून?''

दादाने ब्रश खाली ठेवला. मग कपाटाकडे गेला, एक जाडजूड पुस्तक काढलं, दुसरं काढलं, कॉम्प्युटर सुरू केला. वहिनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. मी वर येऊन एकटीनेच जेवून घेतलं.